घेणारा कोण?

दानाच्या प्रसंगी छायाचित्र काढावे की काढू नये, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत त्याचा निकाल लागावा आणि मंडळींनी पुढच्या विषयाकडे वळावे, इतपतच त्याची योग्यता, अशी आमचीही पुष्कळ दिवस समजूत होती. ती समजूत एका ब्लँकेटाने घालविली. प्रसंग लहानसा आहे. परंतु परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्या अनेकांच्या हातून तो घडत असावा. म्हणून तो वाचकांपुढे ठेवून त्यातून निघणाऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असा हेतू आहे.

कुरुद म्हटले म्हणजे छत्तीसगडातील माणसास प्रथम धमतरी जिल्ह्यातले तहसिलीचे गाव आठवते. आम्ही म्हणतो ते कुरुद भिलाईचे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईस पोलादाचा कारखाना काढण्याचे ठरले आणि १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांची आखीव वसाहत आली आणि तिच्या भोवतालची जुनी गावे शहराने हळूहळू पोटात घेतली. कुरुद हे त्यांपैकीच एक. आमच्यासारखी मराठी माणसे नागपूर-भंडाऱ्याकडून, पुण्या-साताऱ्याकडून बदलीच्या हुकुमासरशी येथे आली, क्वार्टरात गणपती बसवू लागली, हळदीकुंकू करू लागली. कुरुदची वाट मात्र आम्हांपैकी बहुतेकांना ठाऊक झाली ती एखाद्या वाटपाच्या कार्यक्रमामुळेच.

असाच एक कार्यक्रम पौषातील एका सकाळी होता. मांडव घातलेला, मागे कापडी फलक, पुढे टेबलावर ब्लँकेटांचे गठ्ठे, एका बाजूस पाहुण्यांच्या खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूस रांग. छायाचित्रांचा नाद असलेले मंडळात आम्हीच, म्हणून कॅमेरा आमच्या गळ्यात. साठी ओलांडलेली एक बाई पुढे आली, पाहुण्यांनी तिच्या हातात ब्लँकेट ठेवले, आम्ही कळ दाबली. आणि नेमका त्याच क्षणी पाहुण्यांचा हात तिच्या तोंडाआड आला. आम्ही म्हणालो, “दाई, एकदा परत.” तिने ब्लँकेट निमूटपणे टेबलावर ठेवले, दोन पावले मागे गेली, पुन्हा आली आणि पुन्हा हात पुढे केले. या खेपेस छायाचित्र उत्तम आले. पाहुण्यांच्या मुखावर हास्य, फलकावरील अक्षरे स्पष्ट आणि सांगितल्याप्रमाणे कॅमेऱ्याकडे लागलेली बाईची दृष्टी. बाजूला होताना तिने तेथल्या मुलास छत्तीसगढीत विचारले, आता हे घरी न्यायचे ना? मंडळी हसली. आम्हीही हसलो.

रात्री ती दोन्ही छायाचित्रे पाहताना मात्र हसू आले नाही. काही क्षण ते ब्लँकेट तिच्याकडून परत घेतले गेले होते, आणि घेणारे आम्ही होतो. तिला ऊब हवी होती. आम्हांस तिचा चेहरा हवा होता. तो मिळेपर्यंत ऊब थांबवून ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

येथे कोणी म्हणेल, आणि सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेला माणूस ते सर्वांत आधी म्हणेल, की पुरावा नको काय? ज्यांनी पैसे दिले त्यांना ते कोठे गेले हे कळावयास नको काय? हा आक्षेप हलका नाही. मस्टर, पावती आणि मोजमाप पुस्तक यांवाचून सार्वजनिक पैशाचे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. तेव्हापासून तर सचित्र अहवाल ही वस्तू घरोघर दिसणाऱ्या दिनदर्शिकेइतकी परिचयाची झाली आहे.

परंतु छायाचित्र हा पुरावा तरी कितपत भक्कम असतो? आमच्याच त्या दोन छायाचित्रांचा विचार करा. दोहोंत बाई ब्लँकेट घेत आहे. ती दोन्ही अहवालात लावली असती, तर दूरच्या देणगीदारास ब्लँकेटे दोन दिसली असती. वस्तुतः ब्लँकेट एकच होते. ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाईलवर नोंदवावी, असे बंधन २०२३ च्या आरंभापासून देशभर घालण्यात आले होते. पुढे २०२५ मध्ये खुद्द ग्रामविकास मंत्रालयासच राज्यांना कळवावे लागले की, कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढविली जात आहेत, किंबहुना जुन्या छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे. सही, अंगठा, नावांची यादी आणि चार दिवसांनी जाऊन केलेली विचारपूस यांनी जे सिद्ध होते ते छायाचित्राने होत नाही. वस्तू हातात पडल्याचा एक क्षण ते दाखविते. ती घरी पोहोचली काय, गरजवंतास मिळाली काय, थंडी सरली काय, याविषयी ते मौन पाळते. म्हणून पुराव्याची सबब पुढे करताना आपण मनाशी थोडे प्रामाणिक असावे. हिशेबाला जेवढा पुरावा लागतो त्याहून पुष्कळ अधिक आपण काढतो. तो अधिक भाग कोणासाठी असतो, हे विचारणे भाग आहे.

आपला चेहरा पुरावा म्हणून देण्यात काय वाटते, याची कल्पना निवृत्त वाचकांस चांगली असेल. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकास हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो मोबाईलपुढे चेहरा धरूनही देता येतो. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्या यंत्रापुढे मान सरळ करून बसताना, पापणी लवल्याने “पुन्हा प्रयत्न करा” अशी आज्ञा वाचताना, ज्याने हाताखाली शंभर माणसे वागविली त्याच्याही मनात काहीतरी कुचंबते. आणि ते तर आपल्या घरात, दार लोटून, आपल्या हक्काच्या पैशासाठी. ते छायाचित्र कोणी फलकावर लावीत नाही, शेजाऱ्यांस पाठवीत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. दुःखाची छायाचित्रे निघालीच नसती तर जगाला दुःख कळले असते काय? १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती आणि सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरही केला नव्हता. त्या वर्षी २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने, संपादक इयन स्टीफन्स यांच्या निर्णयाने, उपासमारीची छायाचित्रे छापली आणि नाकारणे कठीण झाले. सुनील जाना या तरुणाने कम्युनिस्ट पक्षाचे चिटणीस पी. सी. जोशी यांच्यासह त्या मुलखात हिंडून काढलेली छायाचित्रे आजही पाहवत नाहीत. ती काढली नसती तर बरे झाले असते, असे कोण म्हणेल?

आम्हीही म्हणत नाही. परंतु ती छायाचित्रे आणि आमची यांत एक भेद आहे, आणि आमच्या मते सारा नैतिक प्रश्न त्या भेदात आहे. दुष्काळाचे छायाचित्र पाहणाऱ्यास जाब विचारते: हे घडत असताना तू कोठे होतास? वाटपाचे छायाचित्र पाहणाऱ्यास निश्चिंत करते: काळजी नको, आम्ही पोहोचलो आहोत. पहिल्याने सत्ताधाऱ्याची झोप उडते, दुसऱ्याने देणाऱ्यास झोप चांगली लागते. दोहोंत कृश हात तेच असतात. पण एकात ते साक्षीदाराचे असतात आणि दुसऱ्यात आपल्या प्रशस्तिपत्रावरील वेलबुट्टीचे काम करतात.

शिवाय केवळ हेतू चांगला असल्याने छायाचित्रकार ऋणमुक्त होतो, असेही नाही. १८७६ ते १८७८ च्या मद्रासकडील भीषण दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे गट बसवून, उभे करून छायाचित्रे घेतली. ती विलायतेत पाहिली गेली. आणि ज्यांना असे मांडून बसविले त्यांच्यासाठी या गृहस्थाने काय केले, हा प्रश्नही विचारला गेला. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा हिंदुस्थानातील जातिजमातींच्या छायाचित्रांचा आठ खंडांचा सरकारी ग्रंथ १८६८ पासून प्रसिद्ध झाला, त्यालाही हूपरची छायाचित्रे आहेत. पुढे १८८६ मध्ये मंडाले येथे देहदंडाच्या वेळी त्याने कॅमेरा लावला, तेव्हा मात्र चौकशी झाली. बदलीच्या मुलखात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या अधिकाऱ्यांची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे, आणि तिचे वारस होताना थोडे जपून असावे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग ही सरकारी कामावरील छायाचित्रकार कॅलिफोर्नियात निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर थांबली आणि मुलांना कवेत घेऊन बसलेल्या बत्तीस वर्षांच्या एका आईची काही छायाचित्रे घेऊन निघून गेली. त्यांतील एक जगप्रसिद्ध झाले. वृत्तपत्रात ती कथा येताच सरकारने त्या तळावर वीस हजार पौंड वजनाची अन्नसामग्री धाडली. मात्र ती येईपर्यंत ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात तेथून गेले होते. लँगने तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे ते नाव जगास १९७८ मध्ये कळले, आणि त्या वेळी त्या वृद्धेने छायाचित्र काढू दिल्याचा खेद बोलून दाखविला. तिला त्यातून एक पैसाही मिळाला नव्हता. तिच्या चेहऱ्याने कित्येकांची पोटे भरली. म्हणजे त्या व्यवहारात दान झाले हे खरे. पण दान केले कोणी?

या प्रश्नापाशी आलो म्हणजे आपल्या भाषेतील एक साधा शब्द आठवतो. छायाचित्र आपण ‘काढतो’ तसे ते ‘घेतो’ही. त्या सकाळी मांडवात आम्ही सर्वांनी धरून चाललो होतो की देणारे खुर्च्यांवर आहेत आणि घेणारे रांगेत. परंतु कॅमेरा डोळ्याला लावताच भूमिका फिरतात. आता मागणारे आम्ही, देणारी ती बाई. तिच्याजवळ देण्यासारखे फारसे नसते. जे असते त्यातले सर्वांत जवळचे, तिचे मुख आणि त्यावरील त्या वेळचे ओशाळलेपण, आम्ही मागतो. आणि मागणारा ज्या रीतीने मागतो ती रीतही आम्ही पाळत नाही. आम्ही विनंती करीत नाही, आभार मानीत नाही, काय घेतले त्याची पावती देत नाही. देणाऱ्यास उभे राहावे कसे हे आम्हीच सांगतो आणि मनासारखे मिळाले नाही तर पुन्हा द्यावयास लावतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, ते सर्वश्रुत आहेत. परतफेडीची अपेक्षा नसलेले ते सात्त्विक, फळावर दृष्टी ठेवून दिलेले ते राजस. छायाचित्रासाठी केलेले दान राजस, एवढे म्हणून आपण बहुधा थांबतो, आणि राजस म्हणजे मनुष्यस्वभावाला धरूनच, असे म्हणून स्वतःला क्षमाही करतो. परंतु तामस दानाच्या लक्षणांत, सत्कारावाचून आणि अवज्ञेने दिलेले, असेही एक लक्षण आहे. “दाई, एकदा परत” हे शब्द कोणत्या सदरात बसतात, हे आम्ही स्वतःला विचारून पाहिले. उत्तर सुखावह नव्हते.

मग उपाय काय? कॅमेरा कुलुपात ठेवावा काय? २०२० च्या टाळेबंदीत राजस्थान सरकारने धान्य व अन्नवाटपाच्या वेळी छायाचित्रे काढण्यास मनाई केली होती. ती योग्यच होती. संकटात सापडलेल्या बालकांची ओळख उघड करणारी छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने बंदी आहे. तीही योग्यच आहे. परंतु कायदा हा कुंपणासारखा असतो. कुंपणाच्या आत कसे वागावे हे त्याला सांगता येत नाही. आणि सगळीच छायाचित्रे टाळली, तर जे खरोखर जतन करावयास हवे तेही हरवेल. वस्तीतला सण, आरोग्य शिबिरात दिवसभर उभी राहिलेली परिचारिका, पहाटे उठून पंगतीचा भात शिजविणारे हात, शाळेच्या नव्या खोलीत पहिल्यांदा बसलेली मुले आणि अभिमानाने त्यांच्याकडे पाहणारे आईबाप, यांची चित्रे वस्तीलाही हवी असतात.

परवानगी घ्यावी, असे कोणी सुचवील. घ्यावीच. पण ती केव्हा? रांगेत उभ्या असलेल्या, हात पुढे केलेल्या माणसास “फोटो काढू का?” असे विचारणे आणि त्याने मान हलविणे, याला संमती म्हणणे हे स्वतःला फसविणे होय. नाही म्हटल्यास वस्तू मिळेल की नाही, याची त्यास शाश्वती नसते. परवानगी मागावयाची ती देण्याचा व्यवहार पुरता संपल्यावर, वस्तू त्याच्या घरी पोहोचल्यावर, त्याच्या भाषेत, त्याच्या दारी जाऊन. आणि चित्र कोठे लागणार हे सांगून. तेथे ‘नाही’ म्हणणे त्यास सोपे असते, म्हणून तेथल्या ‘होय’ला मोल असते. या रीतीने वागल्यास अहवालासाठी छायाचित्रे थोडी मिळतील, हे आम्ही कबूल करतो. पण मिळतील ती अशी असतील की ज्याचे चित्र आहे त्याला ते स्वतःच्या भिंतीवर लावावेसे वाटेल. छायाचित्र योग्य की अयोग्य हे ठरविण्यास आमच्याजवळ याहून चांगली कसोटी नाही.

तो वाटपाचा कार्यक्रम होऊन काही दिवस गेले. दुसऱ्या खेपेस उत्तम आलेल्या त्या छायाचित्राची एक प्रत आम्ही करवून घेतली आणि शोधीत शोधीत त्या बाईच्या घरी गेलो. मनात, ती प्रत देऊन आपले ऋण फिटेल, अशी काहीशी सोयीस्कर कल्पना होती. तो पौष पौर्णिमेचा दिवस होता, हे आमच्या ध्यानी नव्हते. छत्तीसगडात त्या दिवशी छेरछेरा असतो. सुगी झालेली असते, धान घरात आलेले असते, आणि मुलेबाळे पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात. त्या दिवशी मागण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. खात्यापित्या घरची मुलेही मागतात आणि गरिबाच्या दारीही मागतात. आपल्याकडे देवीचा जोगवा किंवा खंडोबाचे कोरान्न मागावयास चांगल्या घरची माणसे पाच घरी जातात, त्याचीच आठवण व्हावी. समाज एकत्र राहावयाचा तर प्रत्येकाला केव्हातरी हात पसरता आला पाहिजे आणि प्रत्येकाच्या हातून केव्हातरी दिले गेले पाहिजे, हे ज्यांनी अशा चाली घालून दिल्या त्यांना ठाऊक असले पाहिजे.

बाई दारातच उभी होती आणि समोरच्या मुलांच्या पिशव्यांत तांदूळ घालीत होती. आम्हांस तिने ओळखले. छायाचित्र हातात घेऊन तिने बराच वेळ पाहिले, साहेबांचा फोटो छान आला आहे, असे म्हणाली, आणि ते आत कोनाड्यात ठेवून आली. बाहेर येताना तिच्या ओंजळीत तांदूळ होते. आज दाराशी आलेल्यास रिकाम्या हाताने परत पाठवीत नाहीत, एवढेच तिने सांगितले. आम्ही चाचरलो, पिशवी तर नव्हतीच. मग दोन्ही हात पुढे केले.

त्या क्षणी आम्ही कसे दिसत होतो, हे आम्हांस सांगता येणार नाही. मोठ्या माणसाने लहान मुलाप्रमाणे हात पसरावेत, यात थोडी लाज होती, थोडा आनंद होता, आणि कोणी पाहत नाही ना, म्हणून आजूबाजूस गेलेली एक चोरटी नजरही होती. त्या वेळी कोणी समोरून कॅमेरा उचलला असता आणि “साहेब, एकदा परत” असे म्हटले असते, तर? कॅमेरा आमच्याच गळ्यात होता आणि बाईने काही तो मागितला नाही. तिला आमच्या चेहऱ्याचा पुरावा नको होता.

तांदूळ रुमालात बांधून आम्ही क्वार्टरवर परत आलो. मंडळाच्या पुढील बैठकीत छायाचित्रांचा विषय निघाला, तेव्हा तो चहा येईपर्यंत काही संपला नाही.